उरलेल्या खळीचा पूल

तीर्थरूप दादा आणि सौ. वहिनींना,

इथूनच हात जोडते. पायांवर डोके ठेवायचे ते भेटीत. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी कळवले की घरातला जिना तू कण्हत उतरतोस आणि कारखान्यात मात्र शिडीवर चढतोस. मोठा भाऊ आहेस, मी काय बोलणार. इकडे देवाच्या दयेने सगळे ठीक आहे. ह्यांचा खोकला गेला. सासूबाईंची नवी कवळी नीट बसली, त्यामुळे त्या काय बोलतात ते आता शेजाऱ्यांनाही स्पष्ट कळते. (आधी बरे होते असे मी म्हणत नाही.)

पत्राला कारण म्हणशील तर विशेष काही नाही. तुझ्या भाचीने शाळेसाठी कागदाचा पूल बांधला, त्याचे काय झाले ते दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच लिहिते. तिला आता घरात सगळे टाचणी म्हणतात. अंगाने बारीक आणि बोलणे टोचणारे, म्हणून सासूबाईंनी ठेवलेले नाव आहे. (टोचण्याबद्दल त्यांनी बोलावे, असो.) तर पुढच्या वर्षी तिच्या शाळेत कार्यशाळेचा वर्ग निघतो आहे. करवत, कानस, तारा, मोटारी, सगळे मुलांनी स्वतःच्या हाताने करायचे. जागा मोजक्या. ज्यांचा प्रकल्प चांगला त्यांना तिथे घेणार, बाकीच्यांनी हिशेबाच्या वर्गात बसायचे. ह्यांना तेच हवे होते. आई घरचा पैन्‌पैचा हिशेब ठेवते, तेव्हा पोरीच्याही ते रक्तात असणार, असे ह्यांचे म्हणणे. त्यावर टाचणी म्हणाली, रक्तात आहे ते रक्तातच राहू दे, मला ड्रिल चालवायचे आहे.

प्रकल्प असा की फक्त जुनी वर्तमानपत्रे आणि खळ वापरून पूल बांधायचा. दोरा नाही, काडी नाही, खिळा नाही. मला ही कल्पना पहिल्यापासून पसंत पडली, कारण विकत काहीच आणायचे नव्हते. माझ्या विणायच्या सुईवर कागद घट्ट गुंडाळायचा, कडेला खळ लावायची, सुई ओढून घ्यायची, की नळी तयार. अशा नळ्यांनी घर भरून गेले. त्या दिवसाचे वर्तमानपत्रही सुटले नाही, ह्यांना बाजारभाव बघायला पुलाखाली डोके घालावे लागले. नळ्या जोडायच्या त्या सगळ्या त्रिकोणात. मी म्हटले, चौकोन कर, निम्म्या नळ्यांत भागेल. तिने मला एक चौकोन करून हातात दिला आणि म्हणाली, ढकल. ढकलला तर कलंडला. मग त्रिकोण दिला. तो हलेना. दादा, मॅट्रिकला मला भूमितीत चांगले गुण होते हे तुला आठवत असेल, पण त्रिकोण कशासाठी असतो हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही. मी समजत होते की तो परीक्षेसाठी असतो.

खळ शिजवायचे काम माझे. (ते पीठ स्वयंपाकाच्या खर्चात लिहावे की शिक्षणाच्या, यावर मी बराच विचार केला.) पूल बांधून झाला, टाचणी शाळेत गेली, आणि पातेल्यात पाहते तो अर्धी खळ उरलेली. आता तूच सांग, चांगले पीठ, त्यावर जाळलेला गॅस, ते मोरीत ओतायचे? आपल्या आईने तरी ओतले असते का? पूल समोरच होता. मी कुंचला घेतला आणि अंगभर एक हात दिला. तरी उरली, म्हणून दुसरा दिला. पातेले निपटून स्वच्छ होईपर्यंत देत राहिले आणि पूल गच्चीवर उन्हात ठेवला. संध्याकाळपर्यंत असा कडक वाळला की टिचकी मारली तर लाकडासारखा वाजावा. टाचणीने आल्यावर तो उचलला, वजन केले, परत वजन केले आणि म्हणाली, हवा दमट आहे बहुतेक. मी काही बोलले नाही. तिने विचारले असते तर सांगितले असते. तिने विचारले नाही.

तपासणी शाळेच्या सभागृहात होती. दोन टेबलांच्या मध्ये पूल ठेवायचा, मधोमध बादली टांगायची आणि तिच्यात वाळू ओतत जायचे. पालकांना मागच्या बाकांवर बसवले होते. ह्यांना रजा नव्हती, म्हणून मी एकटीच गेले. बाहेरून एक परीक्षक आले होते, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारे. एकेका पोराचा पूल वाकायचा, कटकन मोडायचा, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. मला काही कळेना. पोराची मेहनत मोडली तर टाळ्या कसल्या? टाचणीचा नंबर आला तेव्हा मी डोळे मिटून देवाला म्हटले, बाबा रे, एवढा एक मोडू देऊ नकोस. देवाने ऐकले. देव नेहमीच ऐकतो, मागणाऱ्याने नियम वाचून मागावे.

पूल काही केल्या मोडेना. बादली भरली, वाळू संपली. परीक्षकांनी मैदानातून आणखी वाळू आणायला माणूस पाठवला. तोवर पूल त्या भरल्या बादलीचे ओझे घेऊन मधल्या मध्ये उभा. मला ते बघवेना. काम झाले होते, पेलून दाखवले होते, मग उगीच त्याला ताणावर कशाला ठेवायचे? मी उठले, पुढे गेले आणि बादली खाली उतरवून ठेवली.

 परीक्षकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मी कोण ते विचारले. मी म्हटले, आई. ते म्हणाले, ओझे मध्येच उतरवले की तपासणी रद्द होते. पण पूल मोडलेला नसल्यामुळे काही बिघडत नाही, पुन्हा टांगू. मी म्हटले, देव तुमचे भले करो. एवढ्यावर सुटले असते. पण नियमाप्रमाणे त्यांनी विचारले, पुलाला याआधी घरातल्या कुणाचा हात लागला होता का? आता मात्र मला विचारले होते. मी सगळे सांगितले, उरलेल्या खळीसकट. मग कळले की गुण नुसत्या ओझ्याला नसतात. पूल स्वतःच्या वजनाच्या किती पट पेलून मोडतो, त्याला असतात. म्हणजे मी तो जड करून तिचे गुणही खाल्ले होते, आणि मोठ्या माणसाचा हात लागला म्हणून पूलच बाद झाला.

घरी आलो. दारात चपला काढताना टाचणी म्हणाली, आई, तो मोडण्यासाठीच बांधला होता. मी म्हटले, मग बांधलास कशाला? तर म्हणते, कुठून मोडतो ते कळायला. आणि आत जाऊन पालथी पडली. सासूबाई म्हणाल्या, पोरीचे नशीब आईने शिजवले. कवळी खरेच उत्तम बसली आहे.

तर झाले ते असे. देवाच्या मनात नव्हते, दुसरे काय. हिशेबाचा वर्गही वाईट नाही, आणि आता या घरात प्रकल्प नकोत असे मी ठरवले आहे. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तेल लाव.

तुझी धाकटी

ता. क. विज्ञानाच्या बाई काल बाजारात भेटल्या. कार्यशाळेच्या वर्गातली एक जागा त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही. टाचणीने सुट्टीत एखाद्या कारखान्यात राहून स्वतःच्या हाताने काही करून आणले, आणि तिथल्या जबाबदार माणसाने तसे लिहून दिले, तर त्या विचार करतील. मी त्यांना म्हटले, असा माणूस आमच्या ओळखीत कुठला. पण दादा, तू आहेस. सुट्टीभर तिला ठेवून घे.

ता. क. २. ह्यांना यातले काही माहीत नाही. तेव्हा तूच ह्यांना आपणहून पत्र घाल. शिकवतो म्हणू नकोस, ह्यांना उपकार वाटतील. गुडघ्यामुळे हाताखाली कुणीतरी हवे आहे, असे लिही. (ते खोटे नाही.) आणि हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस.

ता. क. ३. टाचणीने आत्ता पाठीमागून सगळे वाचले. म्हणते, बाईंनी मला शाळेत आधीच सांगितले होते, बाबांना परवाच विचारून झाले. हे म्हणे तिला म्हणाले, आईचा हात लागूनही जो पूल मोडला नाही, तो बांधणारीला अडवणारा मी कोण. मला कुणी काही सांगत नाही. म्हणजे दुसरा ता. क. रद्द समज, पण पाकिटाला तिकीट चिकटवून झाले आहे, म्हणून धाडतेच. शनिवारच्या गाडीने हे तिला घेऊन येतील. मी यायचे नाही अशी तिची अट आहे, ती मी कबूल केली. वाटेसाठी डबा मात्र मी देणार आहे. त्यात काय काय घालू, ते तिला विचारून ठेवले आहे.