दूधकट्ट्यावरचं भांडण

शनिवार, संध्याकाळ. कोल्हापूर, लॉजवर.

हृदयाच्या ऑपरेशनपासून हे माझं सगळं ऐकतात. आळणी भाजी, सकाळचं फिरणं, दुपारची झोप. तक्रार म्हणून नाही. आमटीत मीठ कमी पडलं तरी वाद घालणारा माणूस गेला कुठे? ही सहल काढली ती त्याच धास्तीने. पण आज अंबाबाई काय, रंकाळा काय, हे मुकाट्याने माझ्या मागे.

परतताना हे गंगावेशीच्या दूधकट्ट्यापाशी थांबले. रस्त्यातच म्हशी उभ्या. समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. ह्यांनी हात पुढे केला.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मी दरडावलं.

गवळी हसला. "वैनी, पिऊ द्या की. म्हस समोर हाय, पाण्याचा थेंब न्हाय. पावणं, ल्हान का मोठा?"

"मोठा!" हे ओरडलेच.

निम्मा झाल्यावर मी ग्लास ओढून घेतला. उरलेलं मीच प्यायले, टाकायचं कशाला?

"उद्या सकाळी परत यायचं," मिशीला फेस तसाच.

"उद्या राजवाडा बघायचाय."

"तूच बघ तुझा राजवाडा. मी इथं म्हशी बघत बसतो."

मिशीला फेस, आणि माझ्याशी वाद! रिक्षात लॉजपर्यंत भांडलो. रिक्षावाला वळून वळून बघत होता. बघेना का.

शेवटी ठरलं, अर्धाच ग्लास, मग राजवाडा. अर्ध्यावरून पलीकडच्या खाटेवर अजून कुरकुर चालू आहे. चालू दे.