रॉकेलच्या डब्यातलं केंद्र

११ डिसेंबर १९६१
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
पंचायतीच्या रेडिओचा इन्चार्ज मी. सरपंच किसनराव म्हणतात, गावात रिकामा सातवी पास दुसरा नव्हता म्हणून. खरं कारण पर्सनॅलिटी. चावडीच्या आतल्या खोलीत रेडिओ, दाराला पडदा, बाहेर ओट्यावर गाव. रोज दिवेलागणीला बातम्या, मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम. नंतर मी बाहेर येऊन सगळ्याचा अर्थ समजावून सांगतो. तेव्हा लोक उठतात. घरी जाऊन विचार करत असावेत.
संकल्प: रोज देशाचा विचार. तंबाखू बंद. आणि पंचायतीची मेंबरकी. आमच्या वॉर्डाचे महादेवराव लेकाकडे अकोल्याला राहायला गेले, जागा रिकामी आहे. पोटनिवडणूक जानेवारीत.

१४ डिसेंबर
तंबाखू उद्यापासून. अर्धी पुडी टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान.
दुपारी अभ्यासासाठी रेडिओ लावला. डोळा लागला, रेडिओ चालूच राहिला. आमची मनकर्णा म्हणते, "रस्त्यावरून दोन आवाज येऊन राह्यले होते. एक रेडिओचा, एक तुमच्या घोरन्याचा. रेडिओचा बारीक होता." बायकोने टिंगल करावी, हा थोरांचा जुनाच भोग.

१८ डिसेंबर, संध्याकाळ
संकट. गोव्यात आपली फौज शिरली. फाट्यावर एस.टी.च्या कंडक्टरने सांगितलं. अख्खं गाव ओट्यावर. बटन फिरवलं तर आत चूं नाही. बॅटरी संपलेली. कंपनीचा माल हल्ली हलका येतो.
नवी बॅटरी म्हणजे बुलढाणा, अर्ज, मंजुरी. खरं सांगायला उठलोच होतो. पडद्याआडून ऐकलं, किसनराव म्हणत होते, "उत्तमरावानं बिघडवला असन तं चाबी कारभारीले देऊन टाकू." कारभारी म्हणजे मळ्यात वांगी-मिरची लावणारा माणूस. त्याच्या हाती देशाचा आवाज?
खाली बसलो. कोपऱ्यात रॉकेलचा रिकामा डबा होता. त्यात तोंड घातलं. "हे नागपूर आहे." हुबेहूब! पुढे म्हणालो, गोव्यात लढाई जोरात सुरू असून निकाल लवकरच अपेक्षित आहे. कोणाला शंका नाही. ओट्यावर पुढेच बसणारी जनकाबाई तर म्हणाली, "आज लय साफ आयकू येऊन राह्यलं."

२० डिसेंबर
गोव्यात लढाई अजून जोरात सुरू असल्याचं सांगितलं. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "ते तं कालच आपलं झालं! डोनगावात पेढे वाटले!" रेडिओने ताबडतोब खुलासा केला की प्रस्तुत लढाई आनंदाची होती. टाळ्या पडल्या.
उद्यापासून नागपूरचा पेपर आणावा. एक दिवस शिळा मिळतो, पण गावाला घाई नाही.

२३ डिसेंबर
डब्यात शिंक आली. "हवामान खराब आहे," असं लगेच जोडलं. प्रसंगावधान.
आज अजब झालं. जनकाबाई ओट्यावरून चक्क रेडिओलाच ओरडली, "काहो रेडिओभाऊ, देशाचं झालं, आमच्या विहिरीची गडगडी तुटली तिचं काय? दोर वढून वढून बायाइचे हात सोलले." भोळी बाई! तिला वाटतं रेडिओला ऐकू येतं. पण भोळ्या जनतेची निराशा करणं मला जमलं नाही. म्हणालो, "गडगडीची बाब सरपंच किसनरावांकडे पोळ्यापासून पडून आहे, असं आमच्या वार्ताहराला कळतं."
ओट्यावर हसण्याचा गडगडाट. किसनराव उठून गेले.

२४ डिसेंबर
सकाळी गडगडी बसली! नवी कोरी. सरकारच्या आवाजाचा दरारा बघा.

२९ डिसेंबर
आता बातम्या पाच मिनिटं, गावाची गाऱ्हाणी तासभर. नारायणरावांनी रेडिओला विचारलं, शाळेचे मास्तर सोमवारी का येत नाहीत. रेडिओ म्हणाला, मास्तरांचा रविवार दोन दिवसांचा आहे. मास्तर ओट्यावरच होते. पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या आधी हजर राहीन असं सर्वांदेखत कबूल करून गेले.
किसनराव दुपारी घरी आले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "उत्तमराव, रेडिओले जरा सांगून पाहा. माह्यं नाव घेतलं तं घेतलं, पन 'सरपंच' म्हनू नका. पावन्यासमोर लाज वाटते." इतका मोठा माणूस, रेडिओला घाबरतो. मनात हसलो. बघतो म्हणालो.
तंबाखू नवीन वर्षापासून. घशाला सध्या ती लागते.

५ जानेवारी १९६२
फॉर्म भरला. समोर कारभारी. प्रचार म्हणून काही करत नाही, ओट्यावर बसून शेंगा फोडतो. कीव आली.
किसनरावांनी सर्वांसमोर विचारलं, "बॅटरी आनाव लागते का?" म्हणालो, आहे ती उत्तम आहे. जनकाबाई म्हणाली, "राहू द्या जी. नवी आनली तं ते आमचं आयकनार नाई." सगळे माना डोलावत होते. म्हणजे कोणालाच पत्ता नाही. याला म्हणतात सीक्रसी.

१० जानेवारी
रेडिओवर प्रचार करणं नीतीत बसत नाही. म्हणून फक्त एवढंच म्हणालो, जाणकारांच्या मते वॉर्डात उत्तमरावांची हवा आहे. ओट्यावरून आवाज आला, "कोनते उत्तमराव बे?" रेडिओने सविस्तर माहिती दिली. उंची, शिक्षण, स्वभाव.

१४ जानेवारी, संक्रांत
घरोघर तिळगूळ घेऊन फिरलो. प्रत्येक जण हात धरून म्हणाला, "भाऊ, तुमच्याबिगर गावाचं चालत नाई." मी कोणाकडे मत मागितलंसुद्धा नाही. गरज काय?
घसा बसला. मनकर्णेने हळदीचं दूध दिलं. म्हणाली, "तोंडाले रॉकेलचा वास येऊन राह्यला. दिव्यापासून दूर बसा." तिला काय कळणार.

२० जानेवारी
उद्या मतदान. विजयाचं भाषण तयार. सुरुवात देशापासून, शेवट विहिरीपाशी. कारभारीला खचून जाऊ नको असं सांगण्यासाठी एक परिच्छेद ठेवला आहे.

२१ जानेवारी, दुपार
मोजणी झाली. कारभारी निवडून आला. माझ्या नावाची एकच चिठ्ठी निघाली. खूण जाड होती. मी खूण जाडच करतो.
घरी आलो. मनकर्णा भाकरी थापत होती. तिला विचारलं, तूसुद्धा? ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "हो. म्या पन कारभारीलेच देल्लं."
काऊन, म्हणालो.
"मेंबर झाले असते तं किसनरावाच्या बाजूले खुर्चीवर बसले असते. खुर्चीवरचा मानूस बोलते का कवा? मंग पडद्यामागं कोन बसलं असतं?"
मी म्हणालो, पडद्यामागे? तुला माहीत होतं?
"गावाले माहीत हाये. पयल्या दिवसापासून. रेडिओ कवा खोकलते का?"
मग भाकरी उलटवून म्हणाली, जनकाबाईनेच बायकांना घरोघर सांगितलं, उत्तमभाऊला निवडून देऊ नका, वाया जातील.
जेवलो नाही. थोडं जेवलो.

२१ जानेवारी, संध्याकाळ
किल्ली किसनरावांच्या हातात ठेवून मोकळं व्हायचं, या निश्चयाने चावडीवर गेलो. ओटा गच्च. शेजारच्या वस्तीचेही लोक. कोणी हसलं नाही. सरकून मला आत जायला वाट दिली. किसनराव खुर्चीवर, त्यांच्या बाजूला नवे मेंबर कारभारी. हात मांडीवर, चूप.
किल्ली खिशातच राहिली. आत गेलो, पडदा सोडला. बाहेर सगळे वाट पाहत होते.
डबा घेतला. "हे नागपूर आहे." आवाज बरा निघाला. आजच्या पोटनिवडणुकीत कारभारी विजयी झाले, असं सांगितलं. पडलेल्या उमेदवाराचं नाव बातमीत घेण्याचं कारण नव्हतं. पेपरातल्या बाकीच्या बातम्यांकडे वळत होतो.
तेवढ्यात ओट्यावरून जनकाबाई. आवाज मऊ. "रेडिओभाऊ, पडलं कोन ते नाई सांगतलं."
डबा पुन्हा तोंडापुढे धरला.
मग सांगितलं. पूर्ण नाव, गावासकट.