चाकं खाली, काच उघडी

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाची झडप तेवढी नादुरुस्त आहे, ती गुरुवारी बदलणार आहेत. माझ्यावर दबाव आणायचा प्रयत्न एकाने केला. तो कलम पाचमध्ये येईल. मी बधलेले नाही.

सगळ्यांची पूर्ण नावं वकिलांनी वेगळ्या पानावर घातली आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तसंच लिहिणार. वकील म्हणाले, मृत्युपत्रात हकीकत लिहायची नसते. मी म्हटलं, हकीकत न सांगता वस्तू वाटल्या तर भांडणंच वाटल्यासारखं होईल.

कलम १. राहतं घर लेक आणि मुलगा यांना निम्मं-निम्मं. मुलगा दूर राहतो म्हणून त्याचा वाटा कमी नाही, लेकीने माझी उस्तवार केली म्हणून तिचा जास्त नाही. स्वयंपाकघरातली मधली भिंत पाडायचं सुनेच्या मनात आहे. खुशाल पाडावी. मलाही ती कधी आवडली नव्हती.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखान्याचं बिल भागवावं. उरेल ते दोघांनी वाटून घ्यावं.

कलम ३. माझी पुस्तकं वाचनालयाला. शाळा चौथीत सुटली, पुढचं माझं शिक्षण त्यांच्याच खिडकीशी उभं राहून झालं. त्या पुस्तकांत दोन त्यांचीच निघतील. ती त्यांनी काही न बोलता ठेवून घ्यावीत.

कलम ४. माझ्या यजमानांचे, म्हणजे यांचे, नट आवळायचे मोठे पाने आणि हातोड्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला. यांच्या शेवटच्या आजारात तो रोज येऊन दाराशी बसायचा, आणि आत बोलावलं की कपडे तेलकट आहेत म्हणायचा. बारीक कानशी, चिमटे, कुंचले आणि रंग लेकीला. तिचा हात वडिलांसारखा आहे.

कलम ५. पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलेलं विमान.

वीतभर लांबीचं, एकाच माणसाने चालवायचं, लढाईतलं विमान आहे. खेळणं नव्हे. माझा थोरला भाऊ, दादा, असंच विमान चालवायचा. हे त्याच हवाई तळावर मेकॅनिक होते आणि दादाचं विमान यांच्याकडे असायचं. दादानेच यांना आमच्या घरी आणलं, माझं लग्नही त्यानेच ठरवलं. एका सकाळी यांनी तपासून दिलेलं विमान घेऊन तो उडाला, तो परत आला नाही. विमान सापडलं नाही आणि दादाही नाही. चौकशी झाली, तीत कोणाचा दोष निघाला नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. त्याला राग धरायला कोणीतरी हवं होतं आणि हे समोर होते. वर्षभराने मी यांच्याशीच लग्न केलं. धाकटा लग्नाला आला नाही, पुढे घरीही कधी आला नाही.

यांच्या हातून काही राहून गेलं होतं का, हे मला माहीत नाही. मी एकदाच विचारलं. म्हणाले, "रोज मनात सगळे नट पुन्हा आवळून बघतो. सगळे घट्टच लागतात. तरी तो येत नाही." मग मी तो विषय सोडला.

निवृत्त झाल्यावर यांनी हे विमान जुळवायला घेतलं. सुट्या भागांची पेटी आणली, एकेक भाग कानशीने घासला. अशा विमानाचं अंग दोन फाकांचं असतं. आतलं आसन, दांडा, घड्याळांची पट्टी आधी बसवायची आणि मग फाका चिकटवायच्या. नंतर काही राहिलेलं आठवलं तर फोडण्यावाचून इलाज नाही. यांनी फाका कितीतरी दिवस उघड्याच ठेवल्या. शेवटी भिंग माझ्या हातात दिलं. "तू बघ. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही." मी एकेक भाग बोट ठेवून बघितला, हो म्हटलं, तेव्हा कुठे यांनी गोंद लावला.

रंगाच्या वेळी यांचे हात थरथरायला लागले होते. हे रंग कालवायचे, मी कुंचला फिरवायचे. पोटाला आभाळी, पाठीला हिरवा आणि मातकट. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. सुट्या भागांच्या पेटीवरच्या चित्रात विमान उडत होतं. यांनी चाकं खाली ठेवली आणि बसायच्या जागेवरची काच उघडी. म्हणाले, "आपलं जमिनीवरचं."

शेवटचं काम मात्र मला करू दिलं नाही. वैमानिक डाव्या पंखाच्या मुळाशी पाय देऊन आत चढतो. तिथे यांनी मातकट पुडीने बुटाचा ठसा उमटवला, तांदळाच्या दाण्याएवढा, उजवं मनगट डाव्या हाताने धरून. अख्खी दुपार गेली. यांच्या तुकडीत रीत होती, चढताना पडलेला ठसा मेकॅनिकने पुसायचा नाही. माणूस परतला, खाली उतरला, की मगच फडकं फिरवायचं. दादा तो ठसा घेऊनच गेला आणि यांचं फडकं खिशातच राहिलं.

पूड पक्की व्हायला वरून वार्निशचा हात द्यायचा होता. त्याआधी हे गेले.

हे गेल्यावर धाकटा भेटायला आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझी विचारपूस दोन वाक्यांत उरकून तो विमानासमोर उभा राहिला. हे दादाचं आहे, आपल्या घरी दादाच्या फोटोखाली जायला हवं, असं म्हणाला. चाकं आत, काच बंद, उडताना दिसेल असं दांड्यावर चढवायचं. खाली पितळी पाटी लावायची, दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने गेला म्हणून. मी त्याच्यासाठी पाणी आणायला आत वळले. तेवढ्यात त्याने पेटी उघडून विमान हातात घेतलं आणि खिशातला रुमाल काढला.

"साफसुद्धा ठेवता आलं नाही त्याला," तो म्हणाला, आणि पंख पुसला.

"ती धूळ नव्हती," मी म्हटलं, आणि काय होतं ते सांगितलं.

विमान कुठे ठेवावं ते त्याला सुचेना.

"मग आधी सांगायचंस ना, ताई."

"तू आलास कधी?"

रुमाल खिशात घालून तो गेला. त्यानंतर त्याने माझ्याशी नाही, माझ्या मुलाशी फोन सुरू केले. तुझ्या आईचं काही बरंवाईट झालं तर विमान माझ्याकडे पाठव, म्हणे. मुलगा भिडस्त. मला म्हणतो, "देऊन टाक ना आई, मामाशी कशाला वाद?" मला झडपेची भीती नाही, त्या पाटीची आहे. मी नसताना यांचं नाव माझ्याच भावाच्या फोटोखाली गुन्हेगार म्हणून लटकेल आणि बोलायला कोणी नसेल.

म्हणून काल ठसा पुन्हा काढायला बसले. पूड कालवली, भिंग लावलं, मनगट धरलं. कुंचला पंखाला टेकणार तेवढ्यात यांची ती रीत आठवली आणि हात थांबला. ठसा कधी पुसतात? माणूस उतरल्यावर. फडकं तर फिरून गेलं आहे. हात यांचा नव्हता, दादाच्या धाकट्या भावाचा होता, आणि तो रागाने फिरला होता. तरी फिरला. मी पुडीच्या डबीला झाकण लावलं.

सबब माझी इच्छा अशी:

विमान धाकट्या भावाला द्यावं. दादा त्याचाही होता. ठसा कोणी पुन्हा काढू नये, लेकीनेही नाही. चाकं खाली आणि काच उघडीच राहील. चाकं मी स्वतः पक्की चिकटवली आहेत, मोडल्याशिवाय आत जाणार नाहीत. पाटी लावायची नाही. लावली तर लेकीने जाऊन विमान परत आणावं आणि मामाला उलट उत्तर द्यायला या कागदापुरती तिला माझी परवानगी आहे.

विमान कोणाबरोबर पाठवू नये. धाकट्याने स्वतः या घरी यावं, लेक पेटी बांधेपर्यंत यांच्या खुर्चीवर बसावं. येताना तो रुमाल आणावा. धुतला नसेल तर तसाच, धुतला असेल तरी चालेल. तो घडी करून पेटीत डाव्या पंखाखाली ठेवायचा. मेकॅनिकचं फडकं विमानापाशीच असतं.

गुरुवारनंतर मी उठून बसले तर हे सगळं त्याला तोंडानेच सांगेन. तोवर हा कागद माझ्या जागी बोलेल.

वरील मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचला, साक्षीदारांनी ऐकला आणि माझ्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)
साक्षीदार २: वाचनालयाचे ग्रंथपाल, कलम तीन ऐकून हसले, तरी सही केली (सही)

लिहून देणार: विमानाच्या मेकॅनिकची बायको, वैमानिकाची बहीण (सही)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली, विमानाच्या पेटीशेजारी
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार