डाव्या दारातली उलटी तार

प्रिय अहो,

गेल्या वर्षीची खंडेनवमी, सकाळी साडेआठ. गुन्ह्याची वेळ मी आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर ‘आठवत न्हाई’ म्हणायला नको. त्या वेळी तुम्ही पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्टीचं रीळ पाटावर मांडलंत, हळदकुंकू वाहिलंत आणि गाडीचं काम अर्धवट टाकून चहाला बसलात.

आजच का लिहिते? पितृपंधरवडा लागलाय. या दिवसांत तुम्ही मंडळी घराकडे फिरकता म्हणे. कावळ्याकरवी निरोप धाडणं मला जमायचं नाही, म्हणून पत्र.

“मागच्या स्पीकरच्या तारा लोंबताहेत आणि तुम्ही सुट्टी घेता?” मी विचारलं होतं.

“मी न्हाई, पकडीनं घेतलीय. आजच्या दिशी तिला काम सांगत न्हाईत. उद्या दसरा. दुपारपर्यंत जोडतो आन् तुला कपिलधारला नेतो. लई भारी वाजंल बघ!”

उद्या! दसऱ्याच्या पहाटे तुमच्या छातीत कळ आली, आणि जी माणसं आपट्याची पानं द्यायला यायची, ती खांदा द्यायला आली.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अर्धं शिवण टाकून उठलं की सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. तुम्हाला कोणी मारायची? मी होते, पण त्या दिवशी नुसती बडबडले.

जुने स्पीकर खरखरायचे, म्हणून सिरसाळ्याला तुमच्या बहिणीकडे जाताना आपण गाणं लावणंच सोडलं होतं. मग एक दिवस तुम्ही अॅम्प्लिफायर, नवे स्पीकर आणि जाड तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन घरी आलात. “या वयात वरात काढायचीय का?” मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, “वरातच समज. तू फकस्त शेजारी बस.” कुणाची वरात, ते विचारायचं राहून गेलं. किती सोपा प्रश्न होता!

तुम्ही गेल्यापासून गाडी कव्हरखाली होती. मागच्या आठवड्यात मोंढ्याजवळच्या दुकानातल्या सलीमला बोलावलं. त्यानं आत डोकावून नाक मुरडलं. “काकू, लई जुनाट काम हाय. समदं उपसून नवं टाकतो.”

“काकांच्या तारेला हात लावलास तर आधी तुला उपसून टाकीन. राहिलंय तेवढंच जोड.”

त्यानं जोडलं. सीटखाली अॅम्प्लिफायरचा दिवा लागला. गाणं सुरू झालं, पण पोकळ! ढोलकी कुठे गेली? सलीमनं माझ्या बाजूचं, डावं दार खोललं आणि हसायलाच लागला. “काकांनी हितं प्लस-मायनस उलटं जोडलंय. एक स्पीकर म्होरं ढकलतोय, दुसरा मागं वढतोय. जाड आवाज दोघांच्या मधीच मरतोय.”

अहो, हे तर आपल्या संसाराचं वर्णन झालं!

“दोन मिन्टाचं काम हाय. सरळ करू?”

मी नको म्हणाले. उघड्या तांब्याला घातलेले ते पीळ तुमच्या बोटांचे आहेत. एकदा सोडवले की पुन्हा तसे कोण घालणार?

पण मला खरं खुपतं ते वेगळंच. दसऱ्याला ही गाडी वाजली असती, तर पहिल्याच कडव्याला तुम्हाला चूक कळली असती. स्वतःला एक शिवी हासडून तुम्ही ती तिथल्या तिथे दुरुस्त केली असती. आता हा पोकळ आवाज मी एकटीच ऐकते. तुम्हाला एवढं छान वाजवायचं होतं, आणि तुमच्या आठवणीखातर मी ते बिघडलेलं जपून ठेवलंय. हा मान आहे की अपमान? मला ठरवता येत नाही.

एक वचन देते. ते दार सलीम उघडणार नाही. तार सरळ करायचीच झाली, तर पीळ मी माझ्या हातानं सोडवीन, सावकाश.

त्याआधी तुमचं उत्तर हवं. लेखी, सर्वपित्री अमावास्येच्या सूर्यास्तापर्यंत. मुदतीत उत्तर न आल्यास आपली काही हरकत नाही, असं समजलं जाईल. कोषागारात अशी पत्रं मी जन्मभर लिहिली आणि उत्तर आलं नाही की सुटल्यासारखं वाटायचं.

या वेळी हरकत घ्या ना, अहो.

तुमच्यावर रागावलेली,
सुमित्रा