फणसाचा पाट आणि सहा इंची मशीन

लालबाग,
रविवार सकाळ

प्रिय अनुजा,

तुझा मेसेज आईने मोठ्याने वाचून दाखवला. फणसाची चार फूट लांब, जाड फळी, तुझं पहिलंच टेबल, आणि घासायला कुठलं मशीन घेऊ, बेल्टवालं की गोल फिरणारं? बारा वर्षांत लाकडाबद्दल तू मला पहिल्यांदा काही विचारलंस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं हो हो करतेस आणि मग स्वतःच्या मनाचंच करतेस, म्हणून कागदावर लिहून देतोय. अक्षर वेडंवाकडं दिसेल. पेन भिकार आहे.

शुक्रवारी मी मुद्दाम नागदेवीला हत्यारांच्या बाजारात जाऊन आलो. पहिलाच दुकानदार बेल्ट सँडर गळ्यात मारायला लागला. काका, तासाभरात फळी आरसा करून देतं, म्हणाला. मी विचारलं, तुम्ही जन्मात कधी फणस घासलाय का? तर त्याने कॅटलॉग उघडला. कॉटन ग्रीनच्या गाळ्यात चाळीस वर्षं भुसा खाल्लेल्या सुताराला हा कॅटलॉग दाखवतो! मी उठलोच.

तर नीट ऐक. फळी सपाट करणं वेगळं आणि घासणं वेगळं. दोन्ही कामं एकाच मशीनच्या गळ्यात घातलीस की फळी वाया गेली म्हणून समज. वाळताना तुझ्या फळीला पीळ पडला असणार. दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेव, खाली वाकून एक डोळा मिटून बघ, आणि दोन्ही पट्ट्या एका रेषेत येईपर्यंत रंधा चालव. इलेक्ट्रिक रंधा घेतलास तरी मी काही बोलणार नाही. मग ऑर्बिटल सँडर, म्हणजे तुझं ते गोल फिरणारं. पाच इंची नको, सहा इंची घे, वेग कमीजास्त होणारं, आणि भुसा ओढायला मागे नळी लागणारं. फळीभर पेन्सिलने रेघोट्या मार. ऐंशी नंबरच्या पेपरने सगळ्या पुसल्या गेल्या की पुन्हा मार आणि एकशेवीस लाव, मग एकशेऐंशी. मधला नंबर गाळायचा नाही. वरून दाबायचं नाही, मशीनचं वजन पुरतं. आईचाही निरोप आहे: चेडवाक सांगा, नाकातोंडार फडको बांधून काम कर म्हणान.

बेल्टवालं मशीन वाईट नाही, पण त्याला पक्का हात लागतो. क्षणभर एका जागी रेंगाळलं किंवा जरा कललं की तिथे खड्डा पडलाच.

तुला आठवतं का, आषाढात गणपतीचा पाट परळला मूर्तिकाराकडे पोचवायच्या आधी मी त्यावर रंध्याचा एक हलका हात फिरवायचो? तू शेजारी बसून कुरळ्या ढलप्या गोळा करायचीस आणि दरवर्षी विचारायचीस, बाबा, एकदा मी करू? मी म्हणायचो, देवाच्या पाटावर घरातल्या पुरुषाचाच हात. कॉलेज संपल्यावर तू गाळा मागितलास, तेव्हाही तेच. तुला बँकेच्या परीक्षांना बसवलं आणि गाळा वैभवला दिला, का तर तो पुतण्या. आज त्याने तिथे कुरिअरचे खोके भरून ठेवलेत. माझी चूक झाली, अनु. तुझ्याकडून सुतारकामाचा बाक काढून घेतला, ही माझी चूक झाली. हे तोंडाने म्हणवत नव्हतं.

आता खरं सांगतो. पेन चांगलं आहे. उजवा हात गेल्या दिवाळीपासून थरथरतो, आईलासुद्धा नीट सांगितलेलं नाही. यंदा रंधा धरवेना, म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडून बेल्ट सँडर मागून आणलं आणि गणपतीचा तोच, तुझ्या आजोबांचा पाट घासायला घेतला. दोन्ही कडांना दोन खड्डे आणि मध्ये उंचवटा. मूर्तिकार रमाकांत भला माणूस, पाट परत देताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काका, मूर्ती डुगडुगेल, एवढंच म्हणाला. पंधरा दिवस थांबायला तयार आहे. दुसरा पाट तो देत होता, मी घेतला नाही. नागदेवीहून मी रिकाम्या हाताने आलेलो नाही. सहा इंची मशीन खोक्यासकट पलंगाखाली आहे, ते तुझं. पाट दीड इंच जाड आहे, उतरवायला लाकूड भरपूर आहे. पुरुषाच्या हाताचा नियम माझ्या वडिलांनी केला, मी पाळला आणि आता मीच मोडतोय. पुढच्या शनिवारी पुण्याहून ये, पाटावर तुझा हात फिरव. मी समोर उभा राहीन आणि एक शब्द बोलणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन.

तुझाच,
बाबा