दहात तीन

बाबा,

मी वेधशाळेत चाललेय. वादळ सरेपर्यंत काही सुटका नाही. रेडिओवर मी 'शक्यता आहे' एवढंच म्हणेन, कारण ते आपल्यावर येण्याची शक्यता दहात तीनच आहे. गेल्या वेळचं वादळ ऐनवेळी वळलं आणि तुम्ही गल्लीभर माझं नाव 'वादळवाली' करून टाकलंत. तरीही दुपारच्या आत आईला घेऊन शाळेतल्या निवाऱ्यात जा. तिच्या गोळ्या आणि चष्मा पिशवीत भरलाय. तिला जिना उतरायला अर्धा तास लागतो, हे आमच्या कुठल्याच अंदाजात धरलेलं नसतं. दहातले सात मला नका ऐकवू. वादळ पुन्हा वळलं तर खुशाल माझी चेष्टा करा. फक्त दोघं मिळून करा.

तुमची वादळवाली