माझ्या तीन बेस गिटारी कोणाला आणि कोणत्या तारांसह

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, शिक्षण सातवी (आठवीत दोन महिने बसलो होतो, ते धरायचे की नाही हे वकिलांना विचारायचे राहिले), धंदा आधी वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणे व नंतर वाद्यांच्या दुकानात दुरुस्ती, माझ्या राहत्या खोलीत, दिवसाउजेडी, चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नीने "एकदाचं लिहून मोकळे व्हा" असे म्हटले, पण ते दडपण नव्हे, ते ती सगळ्याच बाबतीत म्हणते. मला कोणताही मोठा आजार नाही. डाव्या खांद्याचे दुखणे आहे, ते चाळीस वर्षे गिटारीचा पट्टा त्याच खांद्यावर घेतल्यामुळे आहे.

याआधी मी चार मृत्युपत्रे लिहिली आहेत. ती चारही या लेखाने रद्द समजावीत. पाचवे कोणाला सापडले तर तेही रद्द, मला त्याची आठवण नाही.

कलम पहिले. राहती खोली, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक पत्नीला. यात विचार करण्यासारखे काही नाही. गॅसचे बटण रात्री दोनदा बघावे, एवढेच.

कलम दुसरे. लांब मानेची, जड, काळी बेस गिटार मुलाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर वाजवतो. तो अंगठ्याने तारेवर थाप मारतो आणि पहिल्या बोटाने ती खेचून सोडतो, म्हणजे ती मानेवर आपटून टणत्कार होतो. मला ही पद्धत आवडत नाही. वाद्याला चापट्या मारणे मला कधी पटले नाही. पण वाद्य वाजवणाऱ्याचे असते, बापाचे नसते, हे मला उशिरा कळले आहे (कलम सहावे पाहावे).

म्हणून लिहितो की, या गिटारीवर सध्या ज्या चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या जाड तारा आहेत, त्या काढाव्यात. त्या माझ्या हाताला बसणाऱ्या आहेत. त्यांचा आवाज खोल आणि बसका, वरून गुळगुळीत, वर्षानुवर्षे टिकतात. त्यांवर थाप मारली तर उशीवर मारल्यासारखे वाटेल. मुलाने गोल तारेने गुंडाळलेल्या, स्टीलच्या, बारीक तारा घालाव्यात आणि आवाज मेला की लगेच बदलाव्यात. बारीक तारांचा ताण कमी असतो, त्यामुळे मान मागे झुकेल. तेव्हा मानेच्या आतली, तिला सरळ ठेवणारी सळई सैल करावी लागेल. एका दिवशी पाव फेरा, जास्त नाही. मुलगा लिफ्टच्या कामामुळे सगळे पाने जोर लावून फिरवतो. मी पुन्हा लिहितो, पाव फेरा.

कलम तिसरे. मानेवर पडदे नसलेली तपकिरी बेस गिटार. पडदे म्हणजे त्या आडव्या धातूच्या पट्ट्या, ज्यांच्यामुळे सूर आपोआप जागेवर पडतो. या गिटारीवर त्या नाहीत, बोट केसभर सरकले तरी सूर बिघडतो. ही मी पत्नीच्या ताब्यात देतो. तिला वाजवता येत नाही, पण लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरातून "अहो, वर लागतंय" आणि "अहो, खाली लागतंय" एवढी दोनच वाक्ये बोलून तिने मला सुरात ठेवले. दरवेळी तिचेच खरे निघाले. मागायला येईल त्याने तिच्यासमोर वाजवावे. तिने मान डोलावली तर गिटार न्यावी. नाही डोलावली तर चहा पिऊन जावे. घेणाऱ्याने हिच्यावर गोल गुंडाळीच्या स्टीलच्या तारा घालू नयेत, त्या कानशीसारख्या लाकूड खरवडतात.

कलम चौथे. आमच्या वाद्यवृंदातील ड्रमवाल्यास. हा गृहस्थ तीस वर्षे माझ्या उजव्या कानाशी बसला आणि तीस वर्षे लोकांना सांगत आला की बेस बंद पडली तरी कोणाला कळत नाही. एकदा भर कार्यक्रमात, नाचणाऱ्या जोडप्यांनी सभागृह भरलेले असताना, मी मुद्दाम हात तारांवरून उचलला. चार मोजेपर्यंत निम्मी जोडपी थांबली आणि एकमेकांच्या पायांवर पाय पडले. ड्रमवाला वळून मला म्हणाला, "लाईट गेली का रे?" दिवे त्याच्या टकलावर चमकत होते. पण त्याने आजतागायत कबूल केलेले नाही.

त्याला मी जुन्या तारांचा डबा देतो. टोमॅटोची रोपे बांधायला त्या उत्तम. त्याच्या बागेत उपयोगी पडतील आणि रोज सकाळी पाणी घालताना त्याला बेस दिसेल. त्याच्याबद्दल माझ्या मनात दुसरे काही वाईट नाही. त्याने गुडघ्याचे ऑपरेशन लांबवू नये.

कलम पाचवे. दुकानात माझ्या टेबलावर आता जी कारागीर बसते तिला माझी सर्व हत्यारे. ती कामाला चोख आहे, फक्त तार आधी कापते आणि मग खुंटीत घालते. तार आधी वाकवावी, मग कापावी. नाहीतर गुंडाळी आतून सुटते आणि तार मरते. हे मी तिला तोंडी सांगितले आहे, ती "हो काका" म्हणते आणि कापते.

हत्यारांबरोबर माझी पद्धतही तिने घ्यावी. गिऱ्हाइकाला तू कसा वाजवतोस हे विचारू नये. लोक खोटे सांगतात. काडीसारखा माणूस म्हणतो, "मी जोरात वाजवतो, जाड तारा द्या." त्याच्या हातात वाद्य न देता त्याला टेबलावर बोटे वाजवायला सांगावे, आवडते गाणे मनात म्हणत. आपण डोळे मिटावेत. बोटे जड पडतात की हलकी, दोन चालतात की तीन, नख लागते की मांस, सगळे ऐकू येते. जड हाताला जाड तार, हलक्या हाताला बारीक. नखीने छेडणाऱ्याला मधली. सुतारासारखा ठोकणारा असेल तर तारा मानेपासून उंच ठेवाव्यात, कुरवाळणारा असेल तर कागद जाईल एवढ्याच. एकवीस वर्षांत मी या टेबलावर हजारो हात ऐकले. तारा परत करायला आलेली माणसे मला तीनच आठवतात, त्यांपैकी एकाने नुसती गप्पांसाठी परत आणल्या होत्या.

कलम सहावे. हे कलम मी तीन वेळा फाडून पुन्हा लिहिले आहे.

माझी धाकटी मुलगी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. सतरा वर्षांची असताना तिने मला बेस शिकवा म्हटले. मी तिला कलम दुसऱ्यातील काळी गिटार दिली. माझ्या चपट्या जाड तारा, माझ्या हाताला लागते तेवढ्या उंच. बेस म्हणजे हेच, असे मला तेव्हा वाटत होते. ती महिनाभर रोज बसली. तार दाबली जाईना, सूर फुटेना, बोटांना फोड आले. एके दिवशी मी म्हणालो, "तुझा हात मऊ आहे बाळ. हे मऊ हाताचं काम नाही." तिने गिटार पेटीत ठेवली, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि पुन्हा विषय काढला नाही. त्याला सव्वीस वर्षे झाली.

गेल्या महिन्यात ती आली होती. चहाची वाट बघत टेबलापाशी बसली होती आणि फोनवर कोणाचे तरी ऐकता ऐकता तिची बोटे टेबलावर चालत होती. मी पेपर वाचत होतो. डोळे आपोआप मिटले. तीन बोटे, तिसरेही पहिल्याइतकेच सारखे. हलकी, चपळ, एकही ठोका मागेपुढे नाही. असा हात मी टेबलावर क्वचितच ऐकला होता. आखूड मान, बारीक निकेलच्या गोल तारा, मानेला अगदी लागून. एवढे मला चहा यायच्या आत कळले. जगाचे हात ऐकले आणि घरातला हात ऐकायचा राहिला. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

म्हणून माझी आखूड मानेची लहान बेस गिटार, जी मी खांदा दुखायला लागल्यावर घेतली होती, ती धाकटीला द्यावी. तारा मी बदलून ठेवल्या आहेत. सोबत हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे. समोरासमोर सांगण्याची मला हिंमत नाही. ती रागावेल, किंवा हसेल, किंवा म्हणेल "आता कशाला". गेलेल्या माणसाला कोणी उलट बोलत नाही.

~~कलम सहावे~~ रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

शुक्रवारी मी शेजारच्या शिंप्याला साक्षीदार म्हणून बोलावले. साक्षीदाराने फक्त सही करायची असते, मजकूर वाचायचा नसतो, असे वकिलांनी सांगितले होते. शिंप्याने चष्मा लावला आणि सगळे वाचले. मग म्हणाला, "काळजीराव, तुम्ही शंभर वर्षं जगलात तर ती तेव्हा सदुसष्टची होईल. सदुसष्टाव्या वर्षी बोटं वळतात का?"

मी म्हणालो, "मी शंभर वर्षं कसला जगतोय."

"काळजी करणारी माणसं लवकर जात नाहीत. त्यांना जायचीसुद्धा काळजी असते. सही नंतर करतो. आधी गिटार द्या."

आणि तो खरोखरच सही न करता गेला.

रविवारी दुपारी धाकटी आणि जावई आले. मी गिटार पेटीतून काढून टेबलावर ठेवली होती. म्हणायचे वाक्य मी कागदावर लिहून ठेवले होते, पण कागद चष्म्याबरोबर आत राहिला. मी म्हणालो, "तुझा हात मऊ नव्हता. तारा चुकीच्या होत्या. माझ्या होत्या."

जावई भिंतीकडे बघू लागले. मी पुढे बोलत गेलो. टेबल, तीन बोटे, निकेल, सगळे उलटसुलट सांगितले. मृत्युपत्रात लिहिले आहे हेही सांगितले.

"एवढं बोलायला मृत्युपत्र लागलं, बाबा?"

स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "अगं, त्यांना दूधवाल्याला नको म्हणायलासुद्धा चिठ्ठी लागते."

धाकटी हसली नाही. म्हणाली, "मी रोज माणसांच्या तोंडाची मापं घेते. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात घातली तर जेवता येतं का?"

"नाही येत."

"आणि मग त्यालाच म्हणायचं, तुझं तोंडच जेवणाचं नाही."

मी उभा होतो. खांदा दुखत होता.

"बावीस वर्षांची होईपर्यंत मी गाणं लागलं की खोलीबाहेर जायचे," ती म्हणाली. "तुम्हाला वाटायचं अभ्यासाला जाते."

मग तिने डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "आणा इकडे. किती हलकी आहे ही!" जावई म्हणाले, "ही लहान मुलांची आहे का?" त्यांच्यासाठी वेगळे कलम लिहिणार होतो, पण तेवढ्यात पहिला सूर निघाला आणि राहून गेले. सूर चांगला होता. पत्नीने दारात येऊन मान डोलावली.

जाताना ती गिटार घेऊन गेली. सबब ही वस्तू आता माझ्या मालकीची नसल्यामुळे मी ती कोणाला देऊ शकत नाही. कलम रद्द करण्याचे कारण एवढेच.

कलम सातवे. आज सकाळी धाकटीचा फोन आला. "बाबा, बोटं जळतायत. हे बरोबर आहे का?" मी घाबरलो. कोणते बोट, किती, फोडात पाणी आले का, सगळे विचारले. टोकेच जळत आहेत असे कळले. पंधरा दिवसांत कातडी घट्ट होईल, असे सांगितले.

ती म्हणाली, "ठीक. दर रविवारी चार वाजता येणार. पूर्ण शिकायला किती वर्षं लागतील?"

मी म्हणालो, हात चांगला असेल तर दहा.

"मग दहा वर्षं कुठे जाऊ नका."

सबब वरील सर्व कलमांची अंमलबजावणी दहा वर्षांच्या आत होऊ नये, अशी माझी इच्छा आहे. हे कायद्यात बसते की नाही ते वकिलांना विचारायचे आहे. बसत नसेल तरी मी प्रयत्न करीन.

हे सर्व मी वाचून पाहिले, माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि खोडाखोड माझीच आहे.

सही (बँकेत चालते तीच)

साक्षीदार पहिला : शेजारचा शिंपी. सही माझ्यासमोर झाली. मजकूर पुन्हा वाचला. आता ठीक आहे.

साक्षीदार दुसरी : खालच्या मजल्यावरची परिचारिका. लिहिणारे शुद्धीत आहेत. रक्तदाब तपासला, उत्तम आहे. त्यांनी तो तीन वेळा तपासायला लावला.

ठिकाण : दुसरा मजला, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : ९ मार्च २०२६, सोमवार